रॉड किती फुटाचा?

परवा पानठेल्यावर रॉडवरून पेटलं. घराचा स्लॅब टाकणारा आमचा एक भाऊ म्हणाला, "आठ एमएमचे रॉड महागले." बोरच्या गाडीवरचं पोट्टं उसळलं, "त्याले सळाख म्हणतेत बे! रॉड आमचा, वीस फुटाचा. मालक फूट इचारते, आम्ही रॉड मोजतो. बारा गेले का दोनशे चाळीस फूट." गॅरेजवाल्या मिस्त्रीनं पिस्टनचा कनेक्टिंग रॉड मध्ये आणला, कोणी पाणी तापवायचा. एवढ्यावर आटोपलं असतं.

पण रिटायर गुरुजी बसलेले. "रॉड म्हणजे साडेसोळा फूट."

"वीस!" पोट्टं हट्टाला पेटलं.

"तुहा नाही रे बाप्पा, इंग्रजाचा. जमीन मोजायची काठी. तिलेच पोल म्हणत, पर्चही म्हणत. चार रॉडची एक साखळी, 66 फूट. गंटर नावाच्या गणितवाल्यानं 1620 च्या सुमारास तिचे शंभर दुवे केले. क्रिकेटची पिच 22 यार्ड काऊन असते? तेच 66 फूट."

"मंग आमाले काय त्याचं?"

गुरुजींनी खर्र्याच्या पुडीचा कागद उलटा करून मांडीवर चौकोन काढला. दोन रॉड लांब, दोन रॉड रुंद. 33 गुणिले 33, बरोबर 1089 चौरस फूट. "हा तुहा गुंठा. असे 40 म्हणजे एकर, 160 चौरस रॉड."

मिस्त्री मानेना. "गुंठा आपला हाय, इंग्रजाचा कसा?"

"नाव आपलं, माप त्याच्या एकरात बसवलेलं."

मला मिस्त्रीचा राग समजतो, पण हिशेब चोख आहे. सातबाऱ्यावर हेक्टर-आर आले तरी आपला सौदा अजून एकर-गुंठ्यातच ठरतो. विलायतेतही भाजीपाल्याला भाड्यानं देतात त्या तुकड्याचं जुनं ठरीव माप 10 चौरस रॉडचंच, म्हणजे अडीच गुंठे.

"अडीच गुंठ्यात माह्या कोंबड्या मावत नाईत," पानठेलेवाला म्हणाला.

गुरुजी थांबले नाहीत. "धुरा 33 रॉड लांब असला, अन् शेजाऱ्यानं वखरता वखरता दोन फूट आत घेतला, तर अख्खा गुंठा गेला. करून पाहा."

स्लॅबवाल्यानं मोबाइलवर गुणाकार केला. उठलाच. "पाच वर्षांपासून तेच सांगून रायलो ना भावाले!" भाऊ समोरच खर्रा घोटत होता. मोजणीची फी कोणी भरायची, यावर मग ठेला बंद होईस्तोवर चाललं.