दळू लागणं

आमच्या गल्लीत नळ आठ दिवसांनी येतो आणि बहुतेक वेळा रात्रीच येतो. अडीच-तीनला शेजारच्या काकूंच्या मोटरीचा आवाज आला की मी उठते. हौदात पाइप सोडायचा, वरच्या टाकीची मोटर लावायची, प्यायचं पाणी गाळून हंडे भरून घ्यायचे. हौद भरायला पाऊण तास लागतो. तेवढा वेळ मी पालथ्या बादलीवर बसून असते. घरात पाच वर्षांची लेक, दीड वर्षाचं लेकरू, हे, माझ्या सासूबाई, सगळे गाढ झोपलेले असतात. कुणी हाक मारत नाही. रिकाम्या हौदात धार पडते तेव्हा तळाला आपटून घुमते, पाणी चढेल तसा आवाज खाली खाली बसत जातो. आता अंधारातसुद्धा नुसत्या आवाजावरून हौद किती भरला ते मला सांगता येतं.

मागच्या उन्हाळ्यात एका रात्री हौद भरला, काठावरून वाहायला लागला, पाणी माझ्या पायापर्यंत आलं, तरी मी उठले नाही. झोप लागली नव्हती, टक्क जागी होते. उठून पाइप काढला की आत जावं लागेल, आणि मला आत जायचं नव्हतं. दोन-तीन मिनिटं मी ते पाणी तसंच वाहू दिलं.

मराठवाड्यातल्या माणसाला यातला अपराध वेगळा समजावून सांगायला नको. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं होतं, ते आपल्या डोळ्यांदेखत झालंय. आमच्याकडे तांदूळ धुतलेलं पाणी झाडाला जातं. अशा घरात वाढलेली मी, आणि दोन मिनिटं एकटं बसता यावं म्हणून पाणी वाया घालवलं. मला किती भूक लागली होती ते मला त्या रात्री कळलं. लेकरांवर माझा जीव आहे, त्यांचा कंटाळा मला कधीच आला नाही. पण दिवसभर कुणाचा ना कुणाचा हात अंगावर असतो, कुणी ना कुणी पदराला धरून ओढत असतं, आणि आपण नुसतं आपण म्हणून अर्धा तासही बसलेलो नसतो, हे महिनोन् महिने साठत जातं.

यावर सल्ला सगळ्यांकडे एकच असतो. बाई गं, स्वतःसाठी वेळ काढत जा. पहाटे थोडं लवकर उठ, योगा कर, डायरी लिही. सांगणाऱ्यांच्या मनात वाईट नसतं, पण मला या सल्ल्याचा आता त्रास व्हायला लागलाय, आणि आज त्याबद्दलच लिहायचं आहे. वेळ काढायचा तो कशातून? मी पाचला उठतेच. दोन डबे, लेकराचं दूध, सासूबाईंच्या गोळ्या, मग आठची एसटी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, रोज गंगाखेडच्या बाजूला अपडाउन करते. आता साडेचारला उठायचं म्हणजे माझ्याच झोपेतून अर्धा तास कापायचा. त्याला वेळ मिळाला असं मी कशी म्हणू? शिवाय ‘वेळ काढ’ म्हटलं की ते आणखी एक काम होऊन बसतं, आणि तेही जमलं नाही याचं वाईट वाटून घ्यायचं ते वेगळंच.

सरकारची एक पाहणी आहे, माणसं दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात याची. २०१९च्या पाहणीत घरच्या बिनपगारी कामात बाईची दिवसाला २९९ मिनिटं जात होती, पुरुषाची ९७. ही सरासरीही जे पुरुष घरात काही करतात तेवढ्यांचीच होती, आणि असे पुरुष शंभरात सव्वीसच निघाले. पुढची पाहणी २०२४ची. त्यात बाईची मिनिटं २८९ झाली. दहा मिनिटं कमी झाली हे वाचून मला क्षणभर बरं वाटलं. पुढचा आकडा पुरुषांचा होता, ८८. म्हणजे त्यांचीही नऊ मिनिटं कमी झाली होती. गॅस आला, मिक्सर आला, वॉशिंग मशीन आली, त्यातून थोडी मिनिटं सुटली असतील. पण घरातल्या कामाला दुसरा हात लागला आणि बाईची मिनिटं वाचली, असं या आकड्यांत कुठं दिसत नाही.

माझी आज्जी जात्यावर दळायची. मी लहान होते तोवर गावात गिरणी आली होती, पण ज्वारीचा भरडा आणि डाळी घरीच व्हायच्या. एकदा मी विचारलं होतं, आज्जी, एवढं कष्टाचं काम, तरी तुला जात्याची आठवण का येते? ती म्हणाली, ‘जात्यावर बसलं की कुणी हाक मारायचं नाही गं. सासूबी नाही आन् नवराबी नाही. दळायलीय म्हणलं की झालं.’ जात्यावर बसून बायका काय काय बोलून गेल्या! हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ या अभ्यासकांनी गावोगाव फिरून लाखाच्या वर ओव्या गोळा करवल्या. माहेर, भाऊ, सासुरवास, लेकीचा जन्म, विठ्ठल. जे दिवसा कुणाजवळ बोलता येत नव्हतं ते पहाटेच्या अंधारात जात्याला सांगितलं. जातं गेलं ते चांगलंच झालं. आज्जीचा उजवा खांदा त्यानेच कायमचा गेला होता, मला ते कष्ट परत नकोत. पण जात्याबरोबर ते कुणी हाक न मारणंही गेलं, आणि वाचलेला वेळ बाईला मिळाला नाही.

माझी एसटी गोदावरीच्या पुलावरून जाते. पलीकडे गंगाखेड, जनाबाईंचं गाव. २०२३च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झालं. त्या अर्ध्या तिकिटात मला खिडकीजवळचा सव्वा तास मिळतो आणि तो मी कुणाला देत नाही, फोनलासुद्धा नाही. पुलावर आले की जनाबाई आठवतात. विठ्ठल जनीला दळू लागला, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. यातलं ‘लागला’ बघा. आपल्याकडे अजून म्हणतात, ‘जरा भाजी निवडू लाग’, ‘पापड लाटू लाग’. मदत कर म्हणण्याऐवजी आपण ‘लाग’ म्हणतो. मदत करणारा पाहुणा असतो, त्याला सगळं हातात द्यावं लागतं आणि नंतर त्याचं कौतुकही करावं लागतं. लागणारा खाली बसतो, खुंटा धरतो, जातं त्याच्याही जोरावर फिरतं. देवाने जनीला लवकर उठायला सांगितलं नाही. तो दळू लागला. इतक्या शतकांपूर्वी घरकाम करणाऱ्या बाईच्या मनाला देव हवासा वाटला तो या रूपात, याचा आपण घराघरात थोडा तरी विचार करायला हवा होता.

आमच्या घरात बदल झाला तो माझ्या सासूबाईंमुळे. मी त्यांना आत्या म्हणते. मार्चमधली गोष्ट. गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. चीक हाटून, साच्यातून दाबून, जुन्या साडीवर पांढरी चक्रं मांडलेली. खाली लेकरू पोहऱ्यातलं पाणी सांडून त्यात बसलं होतं, लेक वहीवरून रडत होती, आणि मी तिला मारलं. जोरात मारलं. तिच्या दंडावर माझी बोटं उठली. ती रडायची थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. तो चेहरा मी विसरणार नाही.

आत्या उठल्या, लेकराला कडेवर घेतलं, लेकीला जवळ ओढलं आणि मला म्हणाल्या, ‘गच्चीवर जा. कावळे यायलेत, वाळवण राख.’ वर एकही कावळा नव्हता. ऊन उतरलं होतं. मी पाण्याच्या टाकीच्या सावलीला अर्धा तास बसले, रडले, मग नुसती बसले. ओल्या कुरडयांना एक आंबूस वास येतो, तो सगळीकडे भरून होता. काठाकडून कुरडया वाळायला लागल्या होत्या, कडा पारदर्शक आणि मध्ये अजून दुधाळ. बघत बसले. कितीतरी दिवसांत मी एखाद्या गोष्टीकडे बिनकामाची बघितली नव्हती.

रात्री आत्या म्हणाल्या, ‘आम्हीबी वाळवण राखायलाच जायचो. चार कुरडया राखायला दोघी दोघी जावा बसायचो. सगळ्यांना माहीत होतं, कुणी बोलायचं नाही.’

म्हणजे आमच्या आधीच्या बायकांनाही हे हवं होतं आणि त्यांनी ते मिळवलं होतं, फक्त कामाचं नाव देऊन. वाळवण, जातं, नदीवरचं धुणं, पाण्याची खेप. रिकामं बसलेलं दिसायचं नाही, एवढीच अट. माझी पाण्याची रात्र तसलीच. पण मला ही अट माझ्या लेकीला द्यायची नाही. तिने तिच्या आईला काहीही न करता बसलेलं बघावं. आई बसलीय, एवढंच.

म्हणून मी यांच्याशी बोलले. भांडण केलं नाही, पण आवाज खालीही ठेवला नाही. रोज संध्याकाळी साडेसात ते आठ, अर्धा तास, मी गच्चीवर. लेकरं तुमच्याकडं. हे लगेच हो म्हणाले, ते वाईट नाहीत. पहिल्या दिवशी दहाव्या मिनिटाला लेक वर आली, ‘मम्मी, पप्पा विचारायलेत बाळाचा टॉवेल कुठंय.’ दुसऱ्या दिवशी, बाळ भात खाईना. तिसऱ्या दिवशी हे स्वतःच लेकराला घेऊन वर आले, ‘अगं, तुझ्यासाठी रडत होतं.’ मी गच्चीवर असले तरी घर माझ्या डोक्यातच चालत होतं. लेकराची चड्डी कुठल्या कप्प्यात, तापाचं औषध किती मिली, लेकीला उद्या शाळेत काय न्यायचं, ही यादी माझ्या डोक्यात आहे तोवर मी मोकळी नाही. वेळ द्यायचा तर यादीसकट घ्यावा लागतो. हे यांना पटायला दीड महिना लागला. दीड महिना लेकरू रडलं, एकदा उपाशी झोपलं, आणि मी खाली गेले नाही. ते ऐकत वर बसून राहणं हे मी आजवर केलेल्या कामांपैकी सगळ्यात अवघड काम होतं. ज्या आया पंधराव्या मिनिटाला खाली धावतात त्यांना मी काहीही म्हणणार नाही. पण मी गेले असते तर टॉवेलचा कप्पा यांना कधीच सापडला नसता.

लेकराला फोन देऊन वेळ मिळवण्याबद्दलही विचारतात. मी दिलाय. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना स्क्रीन नको असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, ते मला माहीत होतं, तरी दिलाय, कारण त्या क्षणी दुसरं कुणी नव्हतं. त्या आईला बोल लावण्याआधी तिच्या घरात त्या वेळी आणखी कोण होतं ते विचारा.

हे सगळं पगारदार बाईचे चोचले आहेत असं कुणाला वाटेल, त्यांना माझ्या वर्गातलं सांगते. आमच्या भागातून दिवाळीनंतर ऊसतोडीला टोळ्या जातात. आई कोयता घेऊन फडात उतरते तेव्हा तान्हं लेकरू कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, कुणाजवळ असतं? माझ्या चौथीतल्या मुलीजवळ. नऊ वर्षांची पोर सहा महिन्यांच्या भावाला पाठुंगळी घेऊन चूल पेटवते. हंगामी वसतिगृहं आहेत, आम्ही पालकांना विनवतो, पोरीला ठेवून जा. आई म्हणते, ‘बाई, मग ह्याला कोण बघंल?’ माझ्याकडे त्याला उत्तर नसतं. तिथं आईला उसंत मिळत नाहीच, तिच्या कामाचा भार लेकीच्या बालपणावर पडतो. ज्या बाईला गच्चीसुद्धा नाही तिला हे जास्त लागू आहे. पन्नास किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथं पाळणाघर हवं असा कायदा २०१७ साली झाला. उसाच्या फडाला पाळणाघर कोण देणार? अंगणवाडी गावात राहते आणि लेकरू दोनशे किलोमीटरवर कोपीत. आपण बायकांना वेळ काढायला शिकवण्याऐवजी हे प्रश्न विचारायला लागलो तर मला जास्त आवडेल.

गच्चीवर मी काय करते असं शेजारच्या काकूंनी विचारलं, ‘एकटीच काय करायलीस गं वर?’ मी म्हणाले, काही नाही. त्या थोडा वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, येऊ का? आता कधी कधी त्यांच्या गच्चीवर त्या आणि आमच्या गच्चीवर मी, अशा बसतो. बोलतोच असं नाही.

ही पोस्ट अशा अकरा संध्याकाळींत लिहून झाली. परवा रात्री पावणेतीनला मोटरीचा आवाज आला. मी उठायच्या आत हे उठले, म्हणाले, ‘तू झोप, मी भरतो.’ सवयीने मी सांगायला लागले की आधी पाइपमधली हवा काढा, पहिलं गढूळ पाणी जाऊ द्या. ते म्हणाले, ‘माहितीय.’ थोड्या वेळाने हौदाच्या तळाला धार आपटल्याचा आवाज आला. तो कधी खाली बसला ते मला कळलं नाही. मी झोपले होते.