द्वारका सर्कलचा हात, गंगापूरचं पाणी

संध्याकाळी साडेसहाला नाशिकचं द्वारका सर्कल पार करणाऱ्या माणसाला बोट चालवायला शिकवणं म्हणजे त्याचा अपमान आहे. तेव्हा गंगापूर धरणावर कुणा मित्राची मोटरबोट हाती लागली, की नियमबियम विचारत बसू नका. पाण्यावर ना डिव्हायडर, ना सिग्नल, ना पावती फाडणारे मामा. जिकडे बघावं तिकडे मोकळं. धडकायला आधी कुणीतरी समोर यायला तर हवं!

आणि आलंच कुणी, तर लहानपणापासूनची सवय आहेच: डावी बाजू धरा. समुद्रावर टक्कर टाळण्यासाठी 1972 साली ठरलेले आंतरराष्ट्रीय नियम उलटंच सांगतात. समोरासमोर आलेल्या दोन्ही मोटरबोटींनी आपापल्या उजवीकडे वळायचं, म्हणजे दोघी एकमेकींना डाव्या कुशीने ओलांडून जातात. समोरच्या गड्याला हे कुणीतरी शिकवलेलं असतं. तो त्याच्या उजवीकडे वळतो, तुम्ही संस्काराप्रमाणे तुमच्या डावीकडे, आणि दोघंही अगदी समजूतदारपणे एकाच जागी पोचता. ‘हे नियम समुद्राचे, धरणाला कशाला?’ हा मुद्दा वाद घालायला उत्तम आहे. जेट्टीवर परत आलात तर जरूर घाला.

बोट उजवीकडून आडवी येत असेल तर थांबायचं तुम्ही, असाही एक नियम आहे. तुम्ही वेग कमी करायचा किंवा तिच्या मागून जायचं, तिच्या पुढून घुसायचं नाही. सिग्नल नसलेल्या चौकातही उजवीकडच्याला आधी जाऊ द्यायचं असतं, हे ऐकून दचकू नका. ते फक्त पुस्तकात आहे. तुम्ही आपले मुसंडी मारा. अगदीच वळावं लागलं तर थोडंसंच, शेवटच्या क्षणी वळा, म्हणजे समोरच्याला तुम्ही वळलात की लाटेने हललात याचा पत्ता लागणार नाही. लवकर आणि ठळक वळायचं असतं म्हणे, समोरच्याला लांबून दिसेल इतकं. एवढा उघडेपणा बरा नव्हे.

टक्कर होणार की नाही हे ओळखायची एक जुनी रीत आहे, ती तर साफ विसरा. आपली दिशा न बदलता, दुसरी बोट आपल्या रेलिंगच्या कुठल्या खांबाच्या रेषेत दिसते ते बघायचं. ती त्या खांबाच्या पुढे सरकत गेली तर आपल्या पुढून जाईल, मागे सरकली तर मागून. पण ती त्याच खांबाशी चिकटून राहिली आणि नुसती मोठी मोठी होत गेली, तर भेट ठरलेली आहे. गंमत अशी की अशी बोट हलताना दिसतच नाही, म्हणून डोळ्यांत भरत नाही. तेवढा वेळ तुम्ही रील काढू शकता. दोन्ही बोटी समोरासमोर ताशी 36 किलोमीटरने येत असतील तर त्यांच्यातलं अंतर सेकंदाला 20 मीटरने तुटतं. सहा सेकंद मोबाईलमध्ये बघितलंत की 120 मीटर गेले. बोटीला ब्रेक नाही हे मग आठवेल. त्यात काय, थ्रॉटल बंद करा! पाण्यातल्या पंख्याचा रेटा गेला की आउटबोर्डचं, म्हणजे मागे टांगलेल्या इंजिनाच्या बोटीचं, वळणंही जवळपास गेलं. वॉटर स्कूटरवर तर ही सोय आणखी पक्की आहे: ती मागच्या पाण्याच्या झोतावरच वळते, त्यामुळे घाबरून थ्रॉटल सोडला की हँडल कितीही फिरवा, ती सरळ जाते. ज्याला चुकवायचं होतं, नेमकी त्याच्याकडे.

इंजिनजवळ एक लाल गुंडाळी दोरी लोंबते. एक टोक स्विचला, दुसरं चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला अडकवायचं, म्हणजे तो पाण्यात पडला की इंजिन आपोआप बंद. दिसायला फारच बावळट दिसते, फोटोत तर नकोच. दोरी न लावता पडलात तर बिनचालकाची बोट बहुतेक गोल फिरत राहते, आणि त्या गोलात तुम्ही असता. मित्र पडला तरी हेच शौर्य दाखवा: तो उजवीकडे पडला तर सुकाणू डावीकडे फिरवून लांब पळा. बोट नाकाने वळते असं वाटतं खरं, पण तिची शेपूट विरुद्ध बाजूला झाडू मारते, त्यामुळे पंखा थेट त्याच्याकडे जाईल. शहाणी माणसं पडलेल्याच्याच बाजूला वळतात, शेपूट लांब नेतात, आणि जवळ गेल्यावर इंजिन पूर्ण बंद करूनच त्याला वर घेतात. नुसतं न्यूट्रलही त्यांना पुरत नाही. किती ते लाड!

मे महिन्यात धरण उतरलं की मजा वाढते. जुने बांध, खडक, झाडांचे बुंधे पाण्याखाली वीतभर दडून बसतात. जाळ्यांच्या खुणा म्हणून तरंगणाऱ्या रिकाम्या बाटल्या दिसल्या तर त्यांच्यामधूनच जा, कचराच तो. पंख्यात जाळं गुंतलं की इंजिन बंद पडेल, बोट वाऱ्याला आडवी होईल, आणि मग तसाच पंख्यात हात घालायचा की आधी ती लाल दोरी काढून, इंजिन उचलून मग जाळं चाकूने कापायचं, हे तुमच्या हिमतीवर. दुपारी ढग काळे झाले तरी काठाकडे वळू नका. वळवाचा वारा काय, पाच मिनिटांत येतो.

लाईफ जॅकेट बुडाखाली घ्या, बाक कडक असतात. घातलंच तर पट्टे मोकळे ठेवा, म्हणजे पाण्यात पडल्यावर ते कानापर्यंत वर सरकेल आणि तुम्ही खाली. पोराला मोठ्याचं चालतं. 18 डिसेंबर 2024 ला मुंबई बंदरात भर दिवसा नौदलाची इंजिन-चाचणीवरची स्पीडबोट एलिफंटाकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली आणि डझनाहून जास्त माणसं गेली. पण तो समुद्र. आपलं धरण गोड्या पाण्याचं, पिण्याचं.

अंधार पडल्यावर निळी एलईडी पट्टी लावा, गाणी लावा. डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा आणि मागे पांढरा दिवा ही सरकारी चव झाली. समोर लाल आणि हिरवा दोन्ही एकदम दिसले तर बोट नाकासमोर तुमच्यावरच येते आहे, असं जाणकार म्हणतात; तुम्ही दिवाळी म्हणा.

हॉर्न मात्र आपला हक्काचा. एक छोटा: मी उजवीकडे वळतोय. दोन: डावीकडे. तीन: इंजिन उलटं चालवतोय. पाच किंवा जास्त: तुमचं काय चाललंय ते मला कळत नाहीये. एवढं मोजत बसण्यापेक्षा मुंबई नाक्यावर दाबतो तसा दाबून धरा. धुक्यात वाजवायच्या भोंग्याचा अखंड आवाज हा त्याच नियमांत संकटाचा इशारा आहे, ‘आम्ही अडचणीत आहोत, वाचवा’. तुमच्या बोटीवरून तो पहिल्या मिनिटापासून जात असेल, तर निदान तेवढं तरी खरं बोललं गेलं असेल.