‘दगडाला काय होतंय?’ बरंच काही

‘टाइल्स विसरा, दगड लावा’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज घर बांधणाऱ्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. थोडक्यात त्यातले दावे असे. दगड लाखो वर्षं डोंगरात टिकला, घरात त्याला काय होतंय? नैसर्गिक वस्तू नैसर्गिक गोष्टींनीच पुसावी, म्हणजे लिंबू किंवा व्हिनेगरने. सीलर (डाग मुरू नयेत म्हणून दगडाला लावायचा द्रव) एकदा मारला की डागांची चिंता मिटली. ग्रॅनाइटमधून किरणोत्सर्ग होतो, म्हणून संगमरवरच घ्या. दगड मुळातच थंड असतो. आणि जमिनीवर लावतो तोच दगड, तशाच पद्धतीने, भिंतीवरही बसतो. मला दगडाची फरशी मनापासून आवडते, म्हणूनच हे उत्तर.

सगळा घोळ ‘दगड’ या एका शब्दात आहे. ग्रॅनाइट म्हणजे मुख्यतः क्वार्ट्‌झ आणि फेल्डस्पार ही खनिजं; कठीणपणाच्या मोह्स मापावर (1 सगळ्यात मऊ, 10 सगळ्यात कठीण) 7 आणि 6. संगमरवर म्हणजे बहुतांशी कॅल्साइट, त्याच मापावर 3. चपलेला चिकटून घरात येणारी वाळू बहुधा क्वार्ट्‌झचीच. ती संगमरवराला ओरखडते, ग्रॅनाइटला फारशी नाही. दारापासून आत जाणाऱ्या वाटेवरचं पॉलिश सगळ्यात आधी उतरतं ते यामुळे. (आणि ‘काळा ग्रॅनाइट’ म्हणून विकला जाणारा दगड बहुतेकदा ग्रॅनाइट नसतोच, गॅब्रो किंवा डोलेराइट असतो. म्हणजे नावावरही विसंबून चालत नाही.)

लाखो वर्षं टिकला, हे खरं. पण डोंगरात त्याच्यामागे अख्खा डोंगर होता. आपण लावतो तो दोन सेंटिमीटरचा काप. शिकागोच्या अमोको इमारतीला बाहेरून इटलीतल्या करारा या गावचा संगमरवर लावला होता. इमारत 1973 साली पूर्ण झाली. पुढे त्या पातळ लाद्या वाकू लागल्या आणि 1990 ते 1992 मध्ये सगळा संगमरवर उतरवून ग्रॅनाइट चढवावा लागला. कॅल्साइटचा स्फटिक तापला की एका दिशेने फुगतो आणि तिच्या काटकोनात किंचित आकसतो. तापणं-निवणं वर्षानुवर्षं चाललं की कण एकमेकांपासून सुटत जातात. घराच्या आत एवढा फेरा नसतो, तेव्हा घाबरायचं कारण नाही. ‘काय होतंय’ तेवढं मागे घ्या.

लिंबू-व्हिनेगरचा सल्ला मात्र सरळ नुकसान करणारा आहे. नैसर्गिक आणि नैसर्गिक म्हणून दोघांचं जमायलाच हवं, असं थोडंच आहे? साप आणि मुंगूस दोन्ही नैसर्गिकच. आम्ल कॅल्साइटला लागलं की कॅल्साइट विरघळतो आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. भूशास्त्राचे विद्यार्थी चुनखडक ओळखायला त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकून बुडबुडे पाहतात. आपण रोज फरशी पुसताना तोच प्रयोग करत बसतो. मग पॉलिशवर निस्तेज ठिपका उमटतो. लोक त्याला डाग समजून घासत सुटतात. पण तिथे वर काही चढलेलंच नसतं, दगडाचा पृष्ठभाग गेलेला असतो, त्यामुळे पुन्हा घासून पॉलिश करण्यावाचून इलाज नाही. चुनखडक, ट्रॅव्हर्टाइन आणि लादी म्हणून विकला जाणारा ओनिक्स हेही कॅल्साइटचेच, त्यांची गत तीच. आपला दगड कोणता हे कळत नसेल तर उरलेल्या तुकड्यावर लिंबाच्या रसाचा थेंब दहा मिनिटं ठेवा आणि पुसा. चमक गेली, तर दगड कॅल्साइटचा आहे असं समजा. रोजच्या पुसण्याला आम्ल नसलेला, सौम्य साबण पाण्यात घातला की पुरतं.

आता सीलर. चांगला सीलर छिद्रांत शिरून त्यांच्या आतल्या बाजूला पाणी झटकणारा थर देतो. त्यामुळे सांडलेलं तेल किंवा चहा मुरायला वेळ लागतो, एवढंच. पुसायचं काम आपल्यालाच. आम्लाचा मारा थेट पृष्ठभागावर होतो, तिथे हा सीलर कामाचा नाही. शिवाय सगळे दगड सारखे पीत नाहीत. अमेरिकेच्या एएसटीएम मानकांत पाणी शोषण्याची कमाल मर्यादा वजनाच्या प्रमाणात संगमरवराला 0.20 टक्के, ग्रॅनाइटला 0.40 टक्के, वालुकाश्माला 8 टक्के आणि हलक्या चुनखडकाला 12 टक्के आहे. म्हणजे ज्या संगमरवराला ‘फार पितो’ म्हणून नावं ठेवतात, तो यात सगळ्यात कमी पिणारा! वालुकाश्माला सीलर हवाच. दाट काळ्या दगडावर मात्र तो आत शिरत नाही, वरच धुरकट पापुद्रा धरतो.

किरणोत्सर्गाचं थोडक्यात: ग्रॅनाइटमध्ये युरेनियमचे अंश असतात आणि त्यापासून रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू बनतो, हे खरं. पण घरातल्या रेडॉनचा मुख्य स्रोत घराखालची जमीन आहे, लाद्या नव्हेत.

थंडपणाचंही तसंच. दगड आणि लाकूड एकाच खोलीत एकाच तापमानाला असतात; दगड पायातली उष्णता भराभर ओढून घेतो म्हणून गार लागतो. उन्हात तापलेली लादी तितकीच भराभर चटका देते.

भिंतीबाबत मी सगळ्यात सावध राहीन. दोन सेंटिमीटर जाडीच्या ग्रॅनाइटचं वजन चौरस मीटरला सुमारे 54 किलो भरतं. जिप्सम प्लास्टरवर, ॲडेसिव्ह धरून, चौरस मीटरला सुमारे 20 किलोंपर्यंतच भार द्यावा असा ब्रिटिश मानकांचा दंडक आहे. बसवण्याची पद्धतही दगडागणिक बदलते. हिरवा ‘संगमरवर’ बहुधा सर्पेंटाइन या वेगळ्याच खनिजाचा असतो. पाणी मिसळलेल्या ॲडेसिव्हवर तो ओल पिऊन वाकतो, त्याला इपॉक्सी लागतं. पांढऱ्या दगडामागे करडं ॲडेसिव्ह लावलं तर त्याची छाया वर दिसू शकते. आणि लादीमागे पाच ठिकाणी ॲडेसिव्हचे गोळे लावून ती दाबून बसवायची युक्ती कोणी दाखवली, तर काम थांबवा; गोळ्यांच्या मधे पोकळी राहते. बसलेली लादी नाण्याने ठोकून पाहा: ठोस आवाज आला तर मागे माल भरलाय, पोकळ, ढब्ब आवाज आला तर ती आजच काढायला लावा, सांध्यांत ग्राउट भरायच्या आधी.