जॅकीच्या गळ्यातले मोती काचेचे होते

लग्नसराई आली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या फॅमिली ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. ‘जॅकी केनेडी, बार्बरा बुश यांचा रुबाब खऱ्या मोत्यांचा होता. कल्चर्ड मोती म्हणजे प्लास्टिक. खऱ्या मोत्याचा भाव कधी पडत नाही. लेकीला खऱ्याच मोत्यांची नथ आणि तन्मणी घाला. मोती ज्योतीवर धरून पारखा.’ हे वाचून कर्जाचा विचार करणाऱ्या आईबापांनी जरा थांबावं.

दोघी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नी, पण नावंच नेमकी चुकीची निवडलीत. जॅकीची ती तीनपदरी माळ नकली, काचेच्या मण्यांची. १९९६ साली लिलावात तिची अंदाजे किंमत ५०० ते ७०० डॉलर धरली होती. गेली २,११,५०० डॉलरला. पैसे मोजले ते जॅकीच्या नावाचे. बार्बरा बुश यांनी १९८९ मध्ये नवऱ्याच्या शपथविधीला घातलेली तीनपदरी माळही नकलीच, आणि तशा माळा मग बायकांनी हौसेनं घेतल्या. फ्रेंच फॅशन डिझायनर कोको शनेल तर खरे-खोटे मोती मुद्दाम एकत्र घालायची. आपल्याकडे नकली मोत्यांची चिंचपेटी घातली की जाऊबाई कुजबुजतात, ती गोष्ट वेगळी!

कल्चर्ड मोती प्लास्टिक नव्हे. माणूस शिंपल्यात बीज ठेवतो. त्यावर थर चढवतो तो शिंपलाच. जपानच्या मिकिमोतोंना १८९३ मध्ये असे अर्धगोल मोती मिळाले, आणि पुढे गोल मोत्यांची शेती सुरू झाल्यावर नैसर्गिक मोत्यांचा बाजारच बसला.

म्हणजे भावही पडतो, आणि दणकून. १९१७ साली कार्टियर या फ्रेंच जवाहिऱ्यानं नैसर्गिक मोत्यांची दुपदरी माळ देऊन न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवरची हवेली घेतली. माळेची किंमत तेव्हा १० लाख डॉलर धरली होती. १९५७ मध्ये ती माळ दीड लाख डॉलरच्या आसपास विकली गेली. हॉलिवूडच्या एलिझाबेथ टेलरचा ‘ला पेरेग्रिना’ हा मोती २०११ साली १ कोटी १८ लाख डॉलरला गेला हे खरं. पण त्यामागे स्पेनचं राजघराणं आणि खुद्द टेलर होती. तुमच्या तन्मणीमागे ते कुठून आणणार?

ज्योतीवर तर धरूच नका. उष्णतेनं खरा मोतीही काळवंडतो, तडकतो. सराफाला भिंगातून भोकाची कड दाखवायला सांगा; नकली मोत्याचा लेप बहुतेकदा तिथंच सुटलेला दिसतो. नैसर्गिक की कल्चर्ड हे मात्र भिंगानं ठरत नाही, त्याला प्रयोगशाळेत एक्स-रे लागतो. त्यामुळे ‘नैसर्गिक’ म्हणून जादा पैसे मागितले, तर आधी प्रयोगशाळेचा दाखला मागा.