हातभर अंतरावरचा उजेड

टॉर्च तयार करणाऱ्या मंडळींनी मानवजातीविषयी एक समज फार पूर्वीच पक्का करून घेतलेला दिसतो, तो असा की माणसाची हरवलेली वस्तू नेहमी दोनशे मीटरच्या पलीकडे असते. खोक्यावर सर्वांत ठळक अक्षरांत छापलेले असते ते झोताचे अंतर, आणि त्याच्या शेजारी चित्र असते ते कड्याच्या टोकावर पाय रोवून उभ्या असलेल्या एका धिप्पाड पुरुषाचे, ज्याच्या हातातून निघालेला पांढराशुभ्र पट्टा दरी ओलांडून समोरच्या डोंगरावर आदळत असतो. हा गृहस्थ त्या डोंगरावर नेमके काय शोधतो आहे, हे चित्रावरून कळत नाही. माझ्या हातून आजवर जे जे निसटले, म्हणजे चष्म्याचा स्क्रू, औषधाची गोळी, कानातल्याची फिरकी (ती माझी नव्हे, पण शोधण्याचे काम माझे), ते सारे पायाशीच पडले आणि तेथून घरंगळत, माझ्या डोळ्यांदेखत, जवळच्यात जवळच्या कपाटाखाली गेले. काखेतला कळसा शोधायला निघालेल्या माणसाच्या हाती ही मंडळी गावाला वळसा घालण्याचे साधन देतात आणि वर त्याची लेखी हमीही देतात.

मला हवा असलेला टॉर्च वर्णन करायला अगदी सोपा आहे. अर्ध्या मीटरच्या आतबाहेर काम करताना समोरचा सगळा भाग या कडेपासून त्या कडेपर्यंत सारख्या उजेडात दिसावा. मध्ये डोळे दिपवणारा गोळा नसावा, कडेला काळोख नसावा आणि दोहोंच्या मधोमध पिवळी-निळी वलये उमटू नयेत. ही मागणी ऐकून विक्रेत्याने माझ्याकडे ज्या सहानुभूतीने पाहिले, तिच्यात किंचित काळजीही मिसळलेली होती. "साहेब, हा घ्या," तो म्हणाला, "अर्धा किलोमीटर मारतो." मला कपाटाखाली बघायचे आहे, असे मी सांगितले. "मग कपाटाखाली तर मारेलच की!" या युक्तिवादातील खोट दाखवायला थोडे गणित करावे लागते, आणि ते शेवटपर्यंत ऐकून घेणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. विक्रेत्याला नाही तरी निदान वाचकांना ते सांगून मी मोकळा होतो.

टॉर्चच्या खोक्यांवरचे आकडे बहुधा ज्या एएनएसआय एफएल-1 या अमेरिकी मानकाला धरून छापलेले असतात, ते 2009 साली आले. त्यानुसार झोताचे अंतर म्हणजे उजेड 0.25 लक्सवर (लक्स हे एखाद्या पृष्ठभागावर किती उजेड पडतो त्याचे माप) उतरेपर्यंतचे अंतर, आणि 0.25 लक्स म्हणजे साधारण निरभ्र पौर्णिमेचे चांदणे. याचा अर्थ असा की त्या धिप्पाड पुरुषाला पलीकडच्या डोंगरावर जे दिसते, ते चांदण्यात दिसेल तेवढेच. उजेड अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटत असल्यामुळे दोनशे मीटरवर हे चांदणे पाडायचे, तर झोताच्या मध्याची तीव्रता 10,000 कँडेला ठेवावी लागते. आता हाच नियम उलट दिशेने चालवून तोच टॉर्च अर्ध्या मीटरवरच्या स्क्रूवर धरला, की उत्तर येते 40,000 लक्स. अगदी जवळ परावर्तकाचा झोत पुरता जुळून आलेला नसतो, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा याहून खाली भरेल, हे मान्य. परंतु लिहिण्यावाचण्याच्या टेबलाला 500 लक्स पुरतात हे ध्यानात घेतले, तर त्या बिचाऱ्या स्क्रूवर हिशेबाने ऐंशीपट मारा होतो. एवढे करून तो सापडत नाही, कारण तो त्या गोळ्यात नसतोच. तो असतो चार बोटे बाजूला. डोळा जुळवून घेतो तो सर्वांत उजळ भागाशी, बाहुली आकसते, आणि कडेला पडलेला उजेड, जो एकटा असता तर सहज पुरला असता, काळोखात जमा होतो. एकाच मुलाचे लाड करणाऱ्या घरात बाकीची भावंडे जशी असून नसल्यासारखी वाढतात, तशी झोताच्या कडेला पडलेल्या वस्तूंची गत होते.

या दुखण्यावरचा उपाय खोक्यावरच असतो, पण तो दोन आकड्यांत विभागलेला असतो. ल्युमेन म्हणजे टॉर्चमधून एकंदर किती प्रकाश बाहेर पडतो, आणि कँडेला म्हणजे त्याला एका दिशेत किती कोंबले आहे. पुढे भिंग नाही, मागे परावर्तक नाही, अशी उघडी एलईडी आपला प्रकाश सुमारे 120 अंशांत मोकळेपणाने सांडते, आणि अशा एलईडीचे 400 ल्युमेन अर्ध्या मीटरवर त्या टेबलाइतके, म्हणजे 500 लक्स, सहज देतात. तेव्हा मला प्रकाश कमी नको होता, त्याची एकाग्रता कमी हवी होती. मी प्रत्येक खोक्यावरच्या कँडेलांना ल्युमेनने भागू लागलो. उघड्या एलईडीत हा भागाकार एक तृतीयांशाच्या आसपास येतो. तो पाचाच्या पुढे गेला की मी खोके खाली ठेवतो. लोक ज्या आकड्याच्या मोठेपणावर भुलतात, त्याच आकड्याचा लहानपणा शोधणाऱ्या ग्राहकाविषयी विक्रेत्याचे काय मत होत असेल याची मला कल्पना आहे, परंतु दोष माझा नाही. "आमच्या टॉर्चचा प्रकाश फार लांब जात नाही" असे ठळक अक्षरांत छापण्याचे धैर्य अजून कोणी दाखवलेले नाही.

त्यानंतर प्रश्न येतो तो पुढच्या काचेआड काय बसवले आहे याचा. आरशासारखा गुळगुळीत परावर्तक पहिल्याच नजरेत बाद करावा, कारण त्याचा जन्मच डोंगरासाठी झालेला आहे. दाणेदार पृष्ठभागाचा परावर्तक वलये बरीचशी पुसून टाकतो, मात्र मधला गोळा कायम ठेवतो. झूमचा टॉर्च मला प्रथमदर्शनी फार आवडला होता, कारण त्याचे डोके मागे ओढले की भिंतीवर खरोखरच एकसारखी चकती उमटते. पण चकतीच्या रेषेबाहेर एकाएकी मिट्ट काळोख असतो, त्यामुळे वस्तू एक तर पूर्ण दिसते किंवा अजिबात दिसत नाही, आणि माझ्या वस्तूंचा कल कोणीकडे असतो हे वर आलेच आहे. डोके पुढे सरकवले की हाच टॉर्च एलईडीच्या चौकोनी तुकड्याचे चित्र भिंतीवर पाडतो, आणि बराचसा प्रकाश नळीच्या आतच जिरवतो. उरले दोन प्रकार. एक, दुधी किंवा खवल्याखवल्यांचे टीआयआर भिंग, म्हणजे प्रकाश आतल्या आत परावर्तित करून पुढे सोडणारे भरीव भिंग, जे मधून कडेकडे उजेड हळूहळू, कळत नकळत उतरवत नेते. आणि दुसरा, ज्याला शौकीन मंडळी 'म्यूल' म्हणतात तो, ज्यात भिंगबिंग काही नसतेच. म्यूल हातभर अंतरावर अप्रतिम असतो, पण जरा तिरका धरला की तो आपल्याही डोळ्यांत तितक्याच निःपक्षपातीपणाने घुसतो. मी दुधी भिंगाच्या बाजूने कौल दिला.

येथवर एखाद्याला वाटेल की झोत नीट रोखून धरला तर हा सगळा खटाटोप कशाला? असा प्रश्न विचारणाऱ्याने दुसऱ्याला टॉर्च धरायला सांगून कधी काम केलेले नसावे. सिंकखालच्या अंधारात मान वाकडी करून पान्याने नट आवळत असताना बाहेर टॉर्च धरून बसलेली व्यक्ती, मग ती कितीही प्रेमाची असो, पहिला काही काळ कामावर उजेड टाकते आणि नंतर तिला एखादा विषय आठवतो. माणूस ज्याच्याशी बोलतो त्याच्याकडे बघतो, आणि ज्याच्याकडे बघतो त्याच्याकडे हातातला टॉर्च आपोआप वळतो. नट काळोखात जातो, माझे डोळे दिपतात, आणि पाण्याच्या टाकीविषयीच्या एका साध्या प्रश्नाला मी ज्या आवाजात उत्तर देतो, त्या आवाजाचे पडसाद जेवणापर्यंत उमटत राहतात. रुंद झोताला नेम लागत नाही. धरणाऱ्याचा हात वीतभर इकडेतिकडे झाला, तरी नट जागच्या जागी दिसत राहतो. टॉर्चच्या खोक्यावर हा गुण कोणी छापत नाही. माझ्या मते तो ल्युमेनच्या वर छापला पाहिजे. कपाळावर बांधायचा दिवा यावर उत्तर आहे असे म्हणतात, आणि हात मोकळे राहतात हेही खरे, परंतु तो बांधलेला माणूस "काय म्हणालात?" असे विचारत वळला की समोरच्याचे काय होते, ते मी अनुभवलेले आहे.

झोताची परीक्षा घ्यायची ती पांढऱ्या भिंतीवर. खोलीतले दिवे मालवून, टॉर्च भिंतीपासून अर्ध्या मीटरवर धरून, डोळे किलकिले करून बघितले की दिवसा न दिसलेले सगळे दोष दिसू लागतात: मधली फुगवटी, तिच्याभोवती हिरवट कडे, एका बाजूला झुकलेला उजेड. ही परीक्षा फार कडक आहे, घराबाहेर असले काही जाणवतही नाही, असा तिच्यावर आक्षेप घेतला जातो. बाहेरच्यापुरता तो बरोबर आहे. हातभर अंतरावर मात्र कपाटाची पाठ असो की फ्रिजचे बूड, सगळे भिंतीसारखे सपाटच समोर येते, म्हणून मी ही परीक्षा सोडत नाही. अडचण एवढीच की अंधाऱ्या खोलीत कोऱ्या भिंतीकडे एकटक बघत बसलेल्या माणसाविषयी घरात हलक्या आवाजात चर्चा होते. त्याच सुमारास आमचे मेव्हणे आले होते. त्यांच्याकडे दंडाएवढा टॉर्च आहे आणि तो त्यांनी आजवर आकाशाखेरीज कशावर रोखल्याचे माझ्या पाहण्यात नाही. माझी निवड त्यांनी हातात तोलून पाहिली, खिडकीतून बाहेरच्या अंधारावर रोखली, क्षणभर वाट पाहिली आणि अत्यंत आदराने सांगितले, "भावोजी, याचे सेल उतरलेत."

रंगाची बाब मी शेवटी तपासली, पण ती शेवटची खचितच नव्हे. बोटात गेलेले कुसळ काढायला बसलो असता निळसर पांढऱ्या, 6500 केल्विनच्या उजेडात माझे बोट आणि कुसळ यांनी एकच रंग धारण केला, आणि चिमटा नेमका कोणाला लावावा हे ठरेना. त्या उजेडात वस्तूंचे रंग किती खरे दिसतात हे सांगणारा रंगनिर्देशांक, म्हणजे सीआरआय, सर्वसाधारण टॉर्चचा 70 च्या आसपास असतो. जवळच्या कामाला तो 90 च्या वर हवा. त्यातही एक गंमत आहे. हा निर्देशांक आठ सौम्य रंगांच्या नमुन्यांची सरासरी काढून ठरवतात आणि गडद लाल, ज्याला आर9 म्हणतात, त्या आठांत धरलेलाच नाही. ज्याला तांबडी तार तपकिरी तारेपासून वेगळी ओळखायची आहे, किंवा स्वतःच्या बोटात काय आहे ते बघायचे आहे, त्याला नेमका तोच रंग लागतो. म्हणून मी आर9 चा आकडा वेगळा विचारतो. विक्रेत्याने या प्रश्नाचे उत्तर म्हणून मला टॉर्च तीन रंगांत उपलब्ध असल्याचे सांगितले.

अखेरीस घेतलेला टॉर्च बोटभर लांबीचा आहे, त्याचा उजेड 4,000 केल्विनचा, दुधी भिंगाचा, सीआरआय 90 च्या वरचा, आणि सर्वांत मंद पायरीवर तो रात्री कोणालाही न उठवता लावता येतो. तो घेऊन मी कपाटासमोर पालथा पडलो. चष्म्याचा स्क्रू लगेच दिसला; गोळी दिसली, फिरकी दिसली. पण रुंद, एकसारख्या आणि रंगांशी प्रामाणिक असलेल्या उजेडाला आवडनिवड नसते. पूर्वीचा झोत नजर नेईल तेवढेच उजळायचा आणि बाकीच्यावर पांघरूण घालायचा. आता मागच्या भिंतीपर्यंत पसरलेली जळमटे, धुळीचे गोळे, कोपऱ्यातला ओलीचा हिरवट डाग आणि कोणे एके काळी कोणीतरी सांडलेल्या शाईचा ओघळ, असे सारे आपापल्या खऱ्या रंगांत, कुठेही सावली न धरता, एकाच वेळी समोर आले. मी टॉर्च झटकन बंद केला, पण तोवर शेजारी वाकून बघणे झालेले होते.

"अहो, ती बॅटरी इकडे द्या, मी धरते," सौभाग्यवती म्हणाल्या, "आणि तुम्ही झाडू आणा."

त्यांनी मग सबंध वेळ माझ्याकडे बघत, दोन वेगवेगळ्या विषयांवर बोलत ती धरली, आणि कपाटाखालचा एकही कोपरा क्षणभरसुद्धा काळोखात गेला नाही.