बेणं, पाणी आणि डोकं

कोल्हापुरातनं, राजारामपुरीतल्या धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, पोराच्या बोटांचे ठसे देऊन आलो. बुद्धी कसली हाय ते कळतंय म्हणे." (आमच्याकडं बायकाही 'आलो' म्हणतात, लंडनमध्ये ते ऐकलं की बरं वाटतं.) ठशांवरून बुद्धी कळत नाही, एवढंच मी घरच्या ग्रुपवर लिहिलं आणि वाद पेटला. काका म्हणाले, "डोकं रक्तातच लागतं." आतेभाऊ म्हणाला, "सगळं क्लासवर असतंय."

काका साफ चुकीचे नाहीत. जुळ्यांवरच्या अभ्यासांत बुद्ध्यंकातल्या फरकाचा साधारण निम्मा भाग आनुवंशिक दिसतो, आणि वयाबरोबर तो वाढतो. पण बुद्धीचं असं एक जनुक नाही. 2018 साली 11 लाख लोकांचा डीएनए तपासला, तेव्हा शिक्षणाच्या वर्षांशी जोडलेल्या बाराशेहून जास्त जागा सापडल्या, एकेकीचा परिणाम चिमूटभर. तेही सगळे युरोपीय वंशाचे. तो हिशेब कागलच्या पोराला जसाच्या तसा लावता येत नाही.

काकांना उसाचं सांगितलं, कारण शेती त्यांना माझ्यापेक्षा कळते. एकाच जातीचं बेणं पंचगंगेकाठच्या काळ्या रानात लावलं आणि माळावर लावलं, तर फरक कशाचा? मातीचा आणि पाण्याचा. उलट एकाच रानात, सगळ्याला सारखं पाणी-खत देऊन दोन जाती लावल्या, तर उरलेला फरक बेण्याचा. अमेरिकेत 2003 मध्ये सात वर्षांच्या जुळ्यांवर झालेल्या अभ्यासात हेच दिसलं: सुखवस्तू घरांत आनुवंशिकतेचा वाटा मोठा, गरीब घरांत जवळजवळ शून्य. म्हणजे 'निम्मा' हा आकडा नुसता माणसाचा नव्हे, त्या रानाचाही आहे. त्यावरून एका जातीचं डोकं दुसरीपेक्षा वरचढ ठरवणं म्हणजे माळावरच्या उसाला बेणं खराब म्हणणं. काकांच्या 'रक्ता'त नेमकं हेच दडलेलं असतं, आणि ते मला खटकतं.

इथं गॉवर स्ट्रीटवरून जाताना मला नेहमी 1902 आठवतं. थोरांच्या घरात थोरच निपजतात असं 1869 च्या पुस्तकात मांडणारे फ्रान्सिस गॉल्टन तेव्हा लंडनमध्येच होते. सातव्या एडवर्ड राजाच्या राज्याभिषेकासाठी शाहू महाराजही त्याच उन्हाळ्यात इंग्लंडात आले होते, आणि 26 जुलैला कोल्हापुरात त्यांचा संस्थानच्या नोकऱ्यांतल्या 50 टक्के जागा मागासलेल्यांना राखण्याचा हुकूम निघाला. पुढं 1917 मध्ये सक्तीचं, मोफत प्राथमिक शिक्षण. गॉल्टन बेणं मोजत बसले, महाराजांनी पाट खणला. गॉवर स्ट्रीटवरच्याच युनिव्हर्सिटी कॉलेज लंडननं 2020 मध्ये गॉल्टनचं नाव सभागृहावरून उतरवलं. तरी अकराव्या वर्षीच्या निवड परीक्षेसाठी इथले आईबापही शिकवण्या लावतातच, आणि पोरगं निवडलं गेलं की म्हणतात, "मुळातच हुशार."

बहिणीकडं परवा ठशांचा अहवाल आला. भाच्याकडं संगीताची बुद्धी आहे म्हणे. भाचा दिवसभर बॉल तुडवतो आणि त्याचा बाप पेठेच्या संघाचा गोलकीपर होता.