सर्दीच्या गोळीचं काय?

ज्येष्ठ चालकांना खरा धोका झोपेच्या गोळ्यांचा, हे तुमच्या लेखातलं म्हणणं बरोबर पण अपुरं आहे. चिठ्ठीशिवाय सहज मिळणाऱ्या सर्दीच्या गोळीबद्दल एक ओळही नाही! तिच्यात बऱ्याचदा क्लोरफेनिरामिन हे गुंगी आणणारं, ॲलर्जीवरचं औषध असतं. अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या औषधांसाठीच्या बीअर्स यादीत (२०२३) ६५ वर्षांपुढच्यांनी ते टाळावं असं स्पष्ट म्हटलंय. उतारवयात ते शरीरातून सावकाश बाहेर पडतं, त्यामुळे रात्रीची गुंगी सकाळीही उरते.

माझे वडील अशीच गोळी घेऊन सकाळी साताऱ्याहून वाईला निघाले. लिंब फाट्याजवळ गाडी रस्त्याच्या कडेला उतरली, थोडक्यात वाचले. त्यांची अल्प्राझोलम ही चिंतेवरची, गुंगी आणणारी गोळी आधीपासून सुरूच होती. दुकानात कुणी वय विचारलं नाही, दुसरी औषधं विचारली नाहीत, गाडी चालवता का हेही नाही. हे तीन प्रश्न औषध दुकानदारांना सक्तीचे करा.